जादाचा पाट

अनंता, तुझ्या बदलीची चौकशी माईंनी, तुझ्या आईने, माझ्याकडे दिली. तुला घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिली. तुला जिथे ठेवलं होतं तिथे पणती तेवत होती. माणसं येऊन बसत होती, उठून जात होती. माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"दिगू, तू पेपरवाला. विचारून काढायचं तुझं काम. अंताची बदली कुणी अडवली ते काढ. नाव पाहिजे मला."

"आता नाव घेऊन काय करणार, माई?"

"काय करायचं ते मी बघेन. तू काढ."

मी हो म्हणालो. त्या वेळी ते सोपं वाटलं. सरकारी खात्यात बदली अडवणारा माणूस शोधायचा, याहून अवघड कामं बनारसच्या हिंदी दैनिकात मी केली आहेत. त्यातून सुतकाच्या घरात मला दुसरं काम नव्हतं. मधू तुझा धाकटा भाऊ, क्रिया त्याने करायची होती. बँकेतून रजा काढून तो सामानाच्या मागे धावत होता. मी नुसता बसलेला होतो.

माईंचं म्हणणं गेली कित्येक वर्षं एकच होतं. तुझं गॅसचं वीजकेंद्र तिकडे पश्चिमेला, रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर. सोनभद्राकडची कोळशाची केंद्रं आपल्याला जवळ, सकाळची बस पकडली तर दुपारच्या जेवणाला पोचणारी. तिथे बदली झाली असती तर दर रविवारी तू बालाजी घाटावरच्या या घरात जेवला असतास. लग्न तू केलं नाहीस, तेव्हा तुला वाढायचं काम माईंचंच राहिलं होतं आणि ते त्यांना करायला मिळत नव्हतं. दर दिवाळीला तू यायचास, बॅग ठेवायचास आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगायचास, "यंदाही नाही झाली गं." मग माई साहेबांच्या नावाने बोटं मोडायच्या. कोण साहेब, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तूही कधी सांगितलं नाहीस.

दिवा लागला की आपल्याकडे हात जोडतात. आपल्या मोहल्ल्यातली जुनी माणसं विजेच्या दिव्यालाही जोडतात. इथे बत्ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसल्यामुळे माईंच्या घरात दिवसातून कितीही वेळा नमस्कार होतो. गल्लीत पोरं "आ गई" म्हणून ओरडतात आणि वर माई, मधू, त्याची मुलं, आलेला पाहुणा, सगळ्यांचे हात एकदम वर जातात. हातातलं पोळीचं पीठ झटकायलाही कुणी थांबत नाही. तू वीजकेंद्रात लागल्यापासून माई नमस्कारानंतर एक वाक्य म्हणू लागल्या. "अंतानं पाठवली."

घरात असलास की तू एकटाच हात खाली ठेवून बसलेला असायचास. मी ते पुष्कळदा पाहिलं. तुझं तोंड अशा वेळी परक्याच्या घरी आल्यासारखं व्हायचं.

"माई, ही माझी नाही गं," तू सांगायचास. "वीज अशी नाव लिहून पाठवत नाहीत. दशाश्वमेधावर कुणी तांब्याभर पाणी गंगेत ओतलं आणि तू इथं खाली बालाजी घाटावर कळशी भरलीस, तर ते पाणी त्याचं का? सगळी केंद्रं एकाच नदीत ओततात."

माईंनी विचार केला. "म्हणजे थोडं तरी तुझं असेलच की."

तू पानातली आमटी ओरपलीस आणि मीठ कमी आहे म्हणालास. ते कमी नव्हतं.

तुझं केंद्र मी एकदाच पाहिलं. आत जाताना तू माझ्या कानात कापूस घातलास. गॅस टर्बाइन म्हणजे विमानाच्या इंजिनाचा थोरला भाऊ, हे तुझं वर्णन मी पुढे बातमीत वापरलं आणि उपसंपादकाने ते कापलं. गॅस जळतो, त्याच्या झोताने चाक फिरतं, आणि जो गरम वारा उरतो त्याच्यावर पाणी उकळून दुसरं चाक फिरवतात. एका जळणात दोन कामं. तू भिंतीतून आलेल्या एका पिवळ्या नळावर हात ठेवलास आणि म्हणालास, "हा आपला गाववाला. मुंबईच्या समुद्रातून निघालाय. आपले पणजे तिकडून पायी आले, हा नळीतून आला." आणि मग, "परत जायचं मात्र दोघांनाही सुचलेलं नाही."

त्या दिवशी यंत्र निम्म्याने चालवलेलं होतं. दुपारची वेळ, मागणी कमी, शिवाय मागून गॅस कमी येत होता. कंट्रोल रूममध्ये तुम्ही चार माणसं चहा पीत फोनकडे बघत होता. मी विचारलं, एवढं महागाचं यंत्र असं बसवून का ठेवता, तिकडे बनारसमध्ये पंखे बंद आहेत. तू मला समजावलंस. कोळशाचं केंद्र पेटवायला वेळ लागतो आणि वरचेवर विझवणं परवडत नाही, म्हणून ते रात्रंदिवस चालूच ठेवतात. गॅसचं त्या मानाने लवकर उठतं. संध्याकाळी शहरं दिवे लावू लागली, किंवा कुठे एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं, की वरून फोन येतो, चढवा. मग पुन्हा फोन येतो, उतरवा.

"म्हणजे तू जादाचा," मी म्हणालो.

"अगदी बरोबर," तू म्हणालास, आणि इतका खूश झालास की त्रिपाठीजींना, तुझ्या शिफ्टमधल्या सोबत्याला, हिंदीत सगळं समजावून सांगायला लागलास.

ते समजावणं मला अजून आठवतं, कारण माझ्या लक्षात नसलेल्या गोष्टी तुझ्या लक्षात होत्या. सपिंडीला ठरलेले ब्राह्मण लागतात. एक जरी आला नाही तरी कार्य अडतं. म्हणून आपल्या मोहल्ल्यात एकाला जादाचा बोलावून ठेवतात. त्याने उपाशी यायचं. बाहेरच्या खोलीत दाराशी त्याचा पाट मांडलेला असतो, त्यावर बसायचं. आतून हाक आली तर आत जायचं. नाही आली तर हातावर लाडू घेऊन घरी जायचं आणि मग जेवायचं. पाठशाळेत असताना आपण दोघं आलटूनपालटून जादाचे असायचो, आणि श्राद्धपक्षात कधीकधी शेजारशेजारच्या घरांत एकाच दिवशी. मला आतून येणाऱ्या वड्यांच्या वासाने रडू यायचं. तू सरळ बसायचास. एकदा गल्लीतून जाताना मला म्हणाला होतास, "आपण बाहेर बसलोय म्हणून आतले निवांत आहेत."

त्रिपाठीजी ऐकून म्हणाले, "तो भैया, बुलाए नहीं गए तो भूखे ही रह गए?"

"लड्डू मिलता था," तू म्हणालास.

माझ्या बाबांच्या आजारपणात तू रजा काढून आलास. तुझा रक्तगट जुळत होता. दवाखान्याच्या बाकावर तू बसून राहिलास, रक्त लागलंच तर म्हणून. लागलं नाही. तू परत गेलास. तेव्हा मी आभार मानले नाहीत. न लागलेल्या रक्ताचे आभार कसे मानतात, हे मला ठाऊक नव्हतं. आज मानतो आहे. आजही ते नीट येत नाही.

पण मग पुढे मला जे कळलं ते याच्याशी जुळत नाही, अनंता. माझ्या वडिलांसाठी बाकावर बसायला तू एवढ्या लांबून आलास. माईंसाठी आला नाहीस.

नवव्या दिवशी त्रिपाठीजी तुझी पेटी घेऊन आले. घरात बसले, माईंच्या पाया पडायला वाकले, आणि सुतकात पाया पडायचं नसतं म्हणून मधूने त्यांना मध्येच धरलं. ते अर्धवट वाकलेलेच राहिले. त्याच वेळी गल्लीत "आ गई" झालं आणि दिवा लागला. सगळ्यांचे हात सवयीने उठले आणि अर्ध्यावर थांबले. सुतकात नमस्कारही नसतो. क्षणभर खोलीतल्या कुणालाच आपले हात कुठे न्यावेत हे कळेना. मधूच्या मुलीने आपले पाठीमागे लपवले. माईंनी पदर सारखा केला. माईंचं ते वाक्य त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

नंतर मी त्रिपाठीजींना पोचवायला घाटापर्यंत गेलो आणि सरळ विचारलं, बदली कुणी अडवली.

ते थांबले. "रोकी किसने? दो बार आया ऑर्डर। दोनों बार भैया ने ही लौटा दिया।"

मी पुन्हा विचारलं. बातमीदाराची सवय आहे, तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा. उत्तर तेच आलं.

"क्यों लौटाया?"

"हमसे तो कहे, बनारस के पास रहूँगा तो जितनी बार बत्ती जाएगी, अम्मा मेरा मुँह देखेंगी।"

"मज़ाक में कहा?"

"अब क्या जानें। हँस तो रहे थे।"

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले की अजून एकदा बोलणं निघालं होतं. उत्तरेतली सगळी वीज एकदम गेली, त्यानंतर. तो दिवस मला माहीत आहे, तूच मला सांगितला होतास. मोठमोठी केंद्रं एकामागोमाग बंद पडली. कोळशाचं केंद्र पुन्हा पेटवायलाही वीज लागते, पंपांना, पंख्यांना, सगळ्याला, आणि ती कुठेच नव्हती. तेव्हा तुम्ही डिझेलच्या छोट्या यंत्रावर तुमचं टर्बाइन फिरवलंत, गॅस पेटवलात, आणि पहिली वीज एकाही घराला न देता कोळशाच्या केंद्रांकडे पाठवलीत, ती जागी व्हावीत म्हणून. त्या दिवशी माई दिवसभर पंख्यावाचून आणि नळाच्या पाण्यावाचून बसल्या होत्या. पुढच्या खेपेला तू घरी आलास तेव्हा त्यांनी कौतुकाने सांगितलं, "सगळीकडे गेली होती, पण तू पाठवलीस."

"बनारसला नाही पाठवली, माई. दुसऱ्या केंद्रांना पाठवली."

"अन् त्यांनी आम्हाला पाठवली. झालं की मग."

त्रिपाठीजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवसानंतर तू म्हणालास, अब कहीं नहीं जाना. हे मला पटलं. आयुष्यभर बाहेरच्या पाटावर बसलेल्याला आतून हाक आली होती. त्यानंतर तू उठून जाशील कसा. मी मनात मथळाही केला. मग विचारलं, दोन्ही ऑर्डर कधी आल्या होत्या. पहिली त्या दिवसाच्या आधी आली होती. म्हणजे दुसऱ्या नकाराचं हे कारण असेल, पहिल्याचं नाही. मथळा गेला.

आता मागच्या थंडीतलं आपलं बोलणं. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन होतं, तू मातीच्या कुल्हडातलं मलइयो, थंडीतला तो दुधाचा गोड फेस, लाकडी चमच्याने खरवडत होतास. मी म्हणालो की कोळशाकडे आलास तर निदान रोज चालणारं काम मिळेल, तिकडे तू अर्धा वेळ नुसता बसलेला असतोस.

"म्हणूनच," तू म्हणालास.

"म्हणूनच म्हणजे?"

तेवढ्यात मधूने वरून हाक मारली, माईंनी पानं घेतली होती. आपण उठलो. कुल्हड तू पायरीवर फोडलास, तुझ्या नेहमीच्या पद्धतीने, टाचेखाली. जेवताना तो विषय निघाला नाही आणि संध्याकाळी तुझी गाडी होती. तेव्हा ते मी बोलण्याच्या भरातलं समजलो. आता ते उत्तर वाटतं. थोड्या वेळाने पुन्हा वाटत नाही.

म्हणजे माझ्याकडे तीन कारणं आहेत. माईंच्या बघण्याची तुला भीती वाटत होती. तू तिथे नसताना हाक येईल याची तुला धास्ती होती. आणि ते "म्हणूनच", ज्याचा अर्थ मला लागत नाही. चौथी शक्यताही लिहून ठेवतो, कारण बातमी असती तर ती गाळता आली नसती. तुला यायचंच नसेल. काही माणसांना घर लांबूनच मानवतं. पण मग दर दिवाळीला मुक्काम संपत आला की तू मधूच्या बिछान्यावर पडून छतावरचा पंखा ऐकत राहायचास, जायची वेळ झाली तरी उठायचा नाहीस. "वेग उतरलाय," म्हणायचास. "कुठेतरी वीज कमी पडतेय." आम्हाला तो पंखा नेहमीसारखाच ऐकू यायचा. ज्याला घर नको असतं तो असा पडून राहत नाही. किंवा राहतो. मला माहीत नाही.

सपिंडीच्या आदल्या दिवशी माईंनी मला सांगितलं, जादाचा म्हणून तूच बस.

"जानवं आहे ना रे अजून?"

"आहे. किल्ली अडकवायला."

"तेवढ्यापुरतं तरी आहे. गोत्रही वेगळं आहे तुझं. उपाशी ये."

मी उपाशी गेलो. दहा दिवस संपले होते, पणती उचलली होती. बाहेरच्या खोलीत दाराशी पाट होता, त्यावर बसलो. कितीतरी वर्षांनी बसलो आणि गुडघे कुठे ठेवायचे ते आठवेना. बत्ती नव्हती. आत धुरात मधू घामाने निथळत होता. ठरलेल्यातले एक गुरुजी आले नव्हते. "दशाश्वमेधावर दुसरे यजमान भेटले असतील," मधू मघाशी कडवटपणे म्हणून गेला होता. गुरुजी आले नाहीत तर तुझ्या कार्यात मी आत जाणार होतो. मला ते हवं होतं की नको, हेही मला सांगता येत नाही.

माई आतून आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"काढलंस?"

"काढलं."

"कोण?"

या उत्तराची वाक्यं मी कितीदा जुळवली होती. एकात साहेब होता. साहेबाचं नाव मी सहज रचू शकलो असतो, माईंनी त्याच्या नावाने दोन दिवस बोटं मोडली असती, आणि तू सुटला असतास. पण माईंनी माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या धंद्यात विचारून काढलेलं बदलायचं नसतं.

"कुणी नाही, माई. बदली दोनदा मंजूर झाली होती."

आत कुणीतरी पळसाची पानं मोजून ठेवत होतं.

"म्हणजे त्यानंच."

"हो."

"का?"

"ते कळलं नाही. तीन कारणं मिळाली. एकमेकांशी जुळत नाहीत."

"असं असलं की तुमच्या पेपरात काय छापतात?"

"कारण समजू शकलं नाही, असं छापतात."

"बरं करतात," माई म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, "दिवाळीला आल्या आल्या सांगायचा, नाही झाली गं. मी विचारायच्या आत. तेव्हाच मला वाटायचं. खरं असतं तर थांबला असता की विचारायची."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, अनंता. किंवा शंका होती. मग नाव कशाला हवं होतं, हे मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही.

गल्लीत "आ गई" झालं. दिवा लागला, डोक्यावरचा पंखा कुरकुरत सुरू झाला. आत मधूचे हात वर गेले असतील, मला दिसले नाहीत. माईंचे उठले आणि छातीपाशी थांबले. आता सुतक नव्हतं.

"ही कुणी पाठवली रे आता?"

तुझं उत्तर मला पाठ होतं, नदीचं, तांब्याचं, कळशीचं. दिलं नाही. माईंनी हात जोडले की नुसते एकावर एक ठेवले, हे मी शेजारी बसलेलो असूनही सांगू शकत नाही.

मधू दारात आला. "दिगूदादा, गुरुजी आले. मागच्या जिन्याने आले. तुम्ही उठलात तरी चालेल." त्याने माझ्या हातावर लाडू ठेवला.

मी उठू लागलो.

"आता काम नाही ना तुला?" माई म्हणाल्या.

"नाही."

"मग बस."

मी पाटावर परत बसलो. आत मंत्र सुरू झाले, तुझं नाव आणि तुझ्या वडिलांचं नाव एकापाठोपाठ येऊ लागलं. माईंनी डोकं भिंतीला टेकवलं होतं आणि वर बघत होत्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्या पंखा ऐकत आहेत. मीही ऐकून पाहिला. वेग उतरलाय की नाही, मला काही कळलं नाही.